रुंद टायर नेमका कुठे घासतो?

गाडीच्या चाकाला चहूबाजूंनी शेजारी असतात. आतल्या अंगाला शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला शॉकअप, आणि त्याची स्प्रिंग. वर मडगार्डची आत दुमडलेली कड. पुढे बंपरचा कोपरा आणि काळे प्लॅस्टिकचे लायनर, मागे मडफ्लॅप. कंपनी गाडी आखते तेव्हा या प्रत्येकापासून चाक किती लांब राहील हे ठरवते, आणि ते उभ्या गाडीच्या चाकापुरते ठरवत नाही. स्टेअरिंग पूर्ण कट मारलेले, गाडी माणसांनी भरलेली आणि चाक खड्ड्यात आदळलेले, अशा अवस्थेतही काही घासू नये म्हणून ती जागा सोडलेली असते. रुंद अलॉय आणि रुंद टायर बसवणे म्हणजे या मोकळ्या जागेत वाटा मागणे. दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो "किती रुंद बसेल?" हा. खरे तर तो दुसरा प्रश्न आहे. चाक आत-बाहेर नेमके कुठे बसते, हा पहिला.

टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांपासून सुरुवात करणे सोयीचे. मारुती सुझुकीच्या बलेनोचे उदाहरण घेता येईल, कारण या एकाच गाडीला कंपनीने दोन मापे दिली आहेत: खालच्या प्रकारांना १८५/६५ आर १५ आणि वरच्या प्रकारांना १९५/५५ आर १६. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची, पण ती त्या रुंदीच्या टक्केवारीत. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा हा तिरपागडा कारभार जगभर रूढ झाला आहे. मिशेलिनने १९७५ मध्ये टीआरएक्स नावाचे टायर काढून रिमचा व्यासही मिलिमीटरमध्ये आणण्याचा खटाटोप केला होता. तो टिकला नाही.

हिशेब असा. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी. ही भिंत रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून २४०.५. त्यात १५ इंचांचे ३८१ मिमी मिळवले की चाकाचा पूर्ण व्यास ६२१.५ मिमी येतो. १९५/५५ आर १६ चा व्यास याच रीतीने ६२०.९ मिमी. रिम एका इंचाने वाढले, रुंदी १० मिमीने वाढली, तरी बाहेरचा व्यास जवळजवळ जागच्या जागी राहिला. रिम मोठे करायचे तर भिंत तेवढी उतरवायची, हे या खेळातले पहिले सूत्र. याच गाडीला कोणी हौसेने २०५/६० आर १६ चढवले तर व्यास ६५२.४ मिमी होतो. वाढ जवळजवळ ५ टक्के. त्रिज्येत म्हणजे सर्व बाजूंनी १५ मिमीहून जास्त. मडगार्डच्या कमानीत ते चाक उठून दिसते खरे, पण स्टेअरिंग वळवताच लायनरला जाऊन भिडण्याची शक्यता दाट असते. शिवाय स्पीडोमीटरचा काटा पूर्वी जिथे १०० दाखवत होता तिथे दाखवत राहतो आणि गाडी पूर्वीच्या १०५ ने धावते. व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा, असे टायरच्या धंद्यात सांगितले जाते ते यासाठीच.

व्यास सांभाळला की रुंदीकडे वळता येते. इथे छापील आकड्यावर डोळे झाकून विसंबून चालत नाही. टायरची रुंदी ज्या रिमवर मोजली जाते ते मोजमापाचे रिम ठरलेले असते. १८५/६५ साठी ते साडेपाच इंच रुंदीचे, १९५/५५ साठी सहा इंचांचे. तोच टायर अर्ध्या इंचाने रुंद रिमवर चढवला की तो साधारण ५ मिमी पसरतो. म्हणजे १९५ चा टायर सात इंची रिमवर गेला की प्रत्यक्षात २०५ च्या आसपास भरतो. रिमवर '७ जे' असे कोरलेले असते. ७ म्हणजे दोन्ही कडांच्या आत, टायर जिथे बसतो त्या जागेची रुंदी. 'जे' हा कडेच्या घडणीचा प्रकार. रिमची बाहेरून बाहेर रुंदी सुमारे एका इंचाने जास्तच असते, त्यामुळे नुसते टेप लावून '८ इंचाचे रिम आहे' म्हणणारा माणूस बहुधा ७ इंचाचेच रिम हातात धरून असतो. त्यात टायरच्या खांद्याची घडणही कंपनीगणिक वेगळी. एखाद्याचा खांदा गोलसर, तर दुसऱ्याचा चौकोनी आणि काटकोनात उतरलेला. छापील माप एकच असूनही चौकोनी खांद्याचा टायर मडगार्डला आधी लागतो.

आता ऑफसेट. सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे.

रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक उभी रेघ काढली आणि रिमचा जो भाग हबला टेकतो तिथून दुसरी, तर या दोन रेघांमधले अंतर म्हणजे ऑफसेट. हबला टेकणारा पृष्ठभाग मधल्या रेघेच्या बाहेर, रस्त्याच्या दर्शनी बाजूला असला की ऑफसेट धन; हल्लीच्या बहुतेक लहान मोटारींत तो ३५ ते ५० मिमीच्या घरात असतो. रिमच्या आतल्या बाजूला किंवा स्पोकच्या मागे 'ईटी ४५' अशी खूण ओतलेली असते. 'ईटी' ही अक्षरे आइनप्रेसटीफे या जर्मन शब्दाची. आकडा जितका मोठा तितके चाक गाडीच्या पोटात. आकडा कमी झाला की चाक बाहेर.

कागदावर हे दहा मिनिटांत पडताळता येते. समजा मूळ रिम साडेपाच इंची, ईटी ४५, आणि त्यावर १८५ चा टायर. टायरची अर्धी रुंदी ९२.५ मिमी. हबच्या पृष्ठभागापासून टायर आतल्या बाजूला ९२.५ अधिक ४५, म्हणजे १३७.५ मिमी जातो. बाहेर ९२.५ वजा ४५, म्हणजे ४७.५ मिमी. आता सहा इंची रिम, ईटी ४५ आणि १९५ चा टायर घेतला तर आत १४२.५, बाहेर ५२.५. दोन्हीकडे पाच-पाच मिमी वाढले. बहुतेक गाड्या एवढी वाढ निमूटपणे सोसतात.

पण बाजारात लोकप्रिय असते ते सात इंची रिम. त्यावर १९५ चा टायर २०५ भरतो, अर्धी रुंदी १०२.५. ऑफसेट ४५ च ठेवला तर दोन्हीकडे दहा-दहा मिमी वाढ होते, आणि आतले दहा मिमी शॉकअपला झोंबू शकतात. ऑफसेट ३५ घेतला तर आतली मर्यादा जुन्या टायरइतकीच, १३७.५ वर राहते; मात्र वाढलेले सगळे २० मिमी बाहेर येतात. ईटी ३८ घेतला तर आत ३ आणि बाहेर १७. एकाच रुंदीचे, एकाच नक्षीचे, एकाच भावाचे तीन रिम. एक शॉकअपवर घासेल, दुसरे मडगार्डवर, आणि तिसरे कदाचित कुठेच घासणार नाही. रुंदी विचारून घेतलेले आणि ऑफसेट न विचारता घेतलेले रिम म्हणजे आंधळी कोशिंबीरच.

कागदावरचा हिशेब गाडीवर नेऊन तपासण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. गाडी सपाट जागेवर, स्टेअरिंग सरळ. गवंड्याचा ओळंबा मडगार्डच्या कडेवरून चाकाच्या मध्यावर येईल असा सोडायचा. दोरी स्थिर झाली की ती आणि टायरचा सर्वांत फुगीर भाग यांतले अंतर पट्टीने मोजायचे. हे अंतर २२ मिमी भरले आणि नवा टायर २० मिमी बाहेर येणार असेल, तर उभ्या गाडीत तो दोन मिमी आत दिसेल आणि पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर कडेला लागेल. आतल्या बाजूसाठी ॲलन कीचा संच कामी येतो. टायर आणि शॉकअपच्या मधे, जिथे फट सर्वांत अरुंद आहे तिथे, एकेक की सरकवून पाहायची. आठ मिमीची की जाते आणि दहाची अडते, म्हणजे जागा आठ ते दहाच्या दरम्यान. नवे चाक बसल्यावर इथे निदान पाच मिमी मोकळे राहिले पाहिजेत. टायर धावताना किंचित वाकतो, बेअरिंग आणि बुशमध्ये थोडा खेळ असतो, आणि दगड अडकला तर त्यालाही जागा लागते. मडगार्डकडे यापेक्षा बरीच जास्त मोकळीक हवी. कारण साधे आहे: शॉकअपचा खालचा भाग चाकाबरोबरच वर-खाली होतो, त्यामुळे तिथली फट फारशी बदलत नाही. मडगार्ड मात्र बॉडीबरोबर खाली येतो आणि चाक त्याच्या पोटात घुसते.

पुढच्या चाकांचे दुखणे वळण्यातून येते. चाक वळते ते स्वतःच्या मध्याभोवती नव्हे. शॉकअपच्या वरच्या टोकातून आणि खालच्या बॉलजॉइंटमधून जाणारी एक तिरपी रेषा असते, तिच्याभोवती ते फिरते. टायर जितका बाहेर, तितका त्याचा कोपरा मोठ्या वर्तुळात फिरतो. पुढचे चाक ३५ अंशांत वळले आणि टायरची बाहेरची कड पूर्वीपेक्षा १७ मिमी बाहेर असली, तर टायरचा कोपरा पुढे किंवा मागे सुमारे १० मिमी जास्त सरकतो. एका बाजूच्या कटमध्ये तो बंपरच्या कोपऱ्याकडे जातो, दुसऱ्या बाजूच्या कटमध्ये मागच्या लायनरकडे आणि मडफ्लॅपकडे. म्हणून "उजवीकडे वळताना आवाज येतो, डावीकडे येत नाही" ही तक्रार विचित्र वाटली तरी अगदी रास्त असते. पार्किंगमध्ये कट मारून मागे घेताना जे घासते ते बहुधा लायनरच. लायनर प्लॅस्टिकचे, आवाज खर्रर्र असा मोठा, नुकसान किरकोळ. खरी परीक्षा वरंध किंवा ताम्हिणीसारख्या घाटातल्या आवळ वळणावर होते. तिथे स्टेअरिंग जवळजवळ पूर्ण कटमध्ये असते, गाडीचा भार बाहेरच्या पुढच्या चाकावर कललेला असतो, आणि नेमका तिथेच डांबर उखडलेला खड्डा असतो. वळलेले चाक आणि दबलेली स्प्रिंग ही दोन्ही एकत्र आल्यावर लागणारी जागा दुकानाच्या सपाट फरशीवर कधीच दिसत नाही.

मागची चाके वळत नाहीत. त्यांचा शत्रू म्हणजे ओझे. चालक एकटा असताना महिनोन्महिने निमूट चालणारी गाडी गणपतीला कोकणात निघते. मागे तिघे, डिकीत बॅगा, वर मखराचे सामान. मागची स्प्रिंग बसते, मडगार्डची कड टायरच्या खांद्यावर येते, आणि महामार्गावरच्या प्रत्येक उंचवट्यावर टायर खरवडला जातो. ही कड आतल्या बाजूला काटकोनात दुमडलेली पत्र्याची धार असते. लायनर टायरला घासून गुळगुळीत करते. ही धार त्याला सोलते. घासण्याच्या सगळ्या प्रकारांत हा सर्वांत धोक्याचा, कारण वेगात, ओझ्याखाली आणि चालकाच्या पाठीमागे तो घडतो. गाण्यांच्या आवाजात तो ऐकूही येत नाही.

घासण्याच्या खुणा वाचता आल्या तर निदान अर्धे झाले. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर चकचकीत पट्टा उमटला असेल तर तो मडगार्डच्या कडेचा किंवा लायनरचा. आतल्या भिंतीवर सबंध गोल फिरलेली एकच बारीक रेघ दिसली तर ती शॉकअपची किंवा स्प्रिंगच्या वाटीची. अशा टायरला पुन्हा रस्त्यावर आणू नये, कारण भिंतीत ट्रेडसारखी जाड रबराची गादी नसते आणि रेघ खोल गेली की धागे उघडे पडतात. लायनरवर वाळलेल्या चिखलाचा थर असताना मधेच एक स्वच्छ, काळाभोर पट्टा दिसला तर टायर तिथून जातो हे सांगायला दुसरा पुरावा नको. आणखी खात्री हवी तर मुलांच्या खेळण्यातली माती संशयाच्या जागी अंगठ्याने थापायची आणि गाडी हळू चालवून आणायची. माती जितकी दबली ती उरलेली फट. गॅरेजमध्ये याहून पक्की रीत म्हणजे स्प्रिंग काढून चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत वर नेणे आणि त्या अवस्थेत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणे. हे करायला बहुतेक जण कंटाळतात. घरगुती पर्याय म्हणून पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक रॅम्पवर चढवतात. त्या दोन कोपऱ्यांवर भार येऊन स्प्रिंगा दबतात, आणि हाताने, टॉर्चने सगळीकडची जागा चाचपता येते. गाडीखाली मात्र शिरायचे नाही.

घासणे टळले तरी चाक हबवर नीट बसले पाहिजे, आणि या बाबतीत दुकानातली घाई महागात पडते. पीसीडी म्हणजे नटांच्या छिद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. बलेनो, स्विफ्ट, होंडा सिटी यांना चार छिद्रे आणि १०० मिमीचे वर्तुळ. जिप्सी आणि जिम्नीला पाच छिद्रे, १३९.७ मिमी. ही दोन कोणी गफलतीने एकमेकांवर चढवू शकत नाही. घोटाळा होतो तो जवळच्या आकड्यांत. भारतात विकल्या गेलेल्या फियाट पुन्टोचे वर्तुळ ९८ मिमीचे. त्यावर १०० चे रिम दाबून बसवले की चारही बोल्ट घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण एकही आपल्या बैठकीत सरळ बसलेला नसतो. चाक थरथरते आणि बोल्ट हळूहळू सैल होत जातात. हबच्या मधल्या उंचवट्याचेही तसेच. बलेनोचा हब ५४.१ मिमीचा, बाजारातल्या अलॉयचे भोक एकच रिम पुष्कळ गाड्यांना बसावे म्हणून मोठे ठेवलेले असते. मधली पोकळी भरणारी पातळ कडी मिळते, किंमत रिमच्या मानाने चिल्लर, आणि तरी ती बहुतेकदा दिलीच जात नाही. मग ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरू लागते आणि ग्राहक बॅलन्सिंगवाल्याच्या खेपा घालत राहतो. नटाची बैठकही रिमशी जुळलेली हवी: कुठे ती शंकूच्या आकाराची, कुठे होंडासारखी गोलाकार. जुने नट नव्या रिमला चालतीलच असे नाही. शेवटी ब्रेक. स्पोकच्या मागचा भाग कॅलिपरपासून सुटा राहतो की नाही हे चाक हाताने फिरवूनच पाहावे लागते. ऑफसेट बरोबर असूनही स्पोकची नक्षी आतल्या बाजूला फुगीर असली तर कॅलिपर लागतो.

रिम घेऊन झाले, आणि आता घासते आहे. मग काय? सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुरुपयोग होणारा उपाय म्हणजे स्पेसर. हब आणि रिम यांच्यामधे घालायची ही चकती चाक बाहेर सरकवते. दहा मिमीचा स्पेसर लावला की ईटी ४५ चे रिम ईटी ३५ सारखे वागते. शॉकअपला टेकणारे चाक त्याने सुटते, पण मडगार्डला टेकणारे चाक आणखी टेकते, हे विसरून लोक स्पेसर मागायला जातात. शिवाय नट जितके वेढे स्टडवर चढायचे तितके चढत नाहीत. स्टडचा जेवढा व्यास निदान तेवढी लांबी नटात गेली पाहिजे, हा ढोबळ नियम. १२ मिमी व्यासाच्या आणि १.२५ पिचच्या स्टडवर त्याचे साडेनऊ वेढे होतात. मूळ रिमवर वेढे मोजून ठेवायचे आणि स्पेसर लावल्यावर पुन्हा मोजायचे. नट चारपाच फेऱ्यांतच घट्ट झाला तर तो स्पेसर काढून ठेवणे शहाणपणाचे. जाड स्पेसर हवाच असेल तर तो हबला स्वतःच्या नटांनी बसणारा आणि स्वतःचे स्टड असलेला, हबच्या उंचवट्यावर नेमका बसणारा असावा.

मडगार्डची कड वर दुमडून टाकणे हा दुसरा उपाय. हबवर बसवलेल्या दांड्याच्या टोकाला एक रोलर असतो. पत्रा आणि रंग हीट गनने कोमट करायचा आणि रोलर पुढे-मागे फिरवत कड हळूहळू आत चपटी करायची. कसबी हाताखाली रंगाला तडा जात नाही. घाईत, थंड पत्र्यावर केले तर जातो. तो तडा डोळ्यांना न दिसणाऱ्या बाजूला असतो, आणि पावसाळ्यात चाकाने उडवलेले पाणी थेट तिथेच बसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाऱ्या हवेत अशा कडेवर दोन पावसाळ्यांत गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसू शकतात. कड दुमडल्यावर तिथे रंग आणि अंडरकोटिंग लावून घेणे म्हणून अनिवार्य.

कॅम्बर बदलणे, म्हणजे चाकाचे वरचे टोक थोडे आत कलवणे, हा तिसरा उपाय. ६२० मिमीच्या चाकात एका अंशाने वरचे टोक सुमारे ५ मिमी आत येते. वरच्या कडेला जागा मिळते. बदल्यात टायरची आतली बाजू लवकर झिजते. एखादा अंश चालून जातो. त्यापलीकडे गेले की टायरचे पैसे मीटरवर पडायला लागतात. लायनरचा अडथळा असेल तर हीट गनने त्या जागी लायनर आत दाबता येते, आणि हा सगळ्यांत निरुपद्रवी उपाय. याउलट गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा लावल्या की वरचा सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची फॅशनही आहे. त्यात टायर मडगार्डला चुकवतो खरा, पण त्याची कड रिमवर तिरपी ओढलेली राहते आणि खड्ड्यात हवा निसटू शकते. आपल्या रस्त्यांवर ही फॅशन फोटोपुरतीच ठीक.

एका गोष्टीकडे जवळपास कोणाचेच लक्ष जात नाही: रुंद टायर जास्त वजन पेलेल असे नाही. १८५/६५ आर १५ वर भारांक ८८ असतो, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. १९५/५५ आर १६ चा साधा टायर ८७ चा, म्हणजे ५४५ किलोचा. टायर रुंद झाला, पण भिंत उतरल्याने आतली हवेची पोकळी आटली आणि भार पेलण्याची ताकद घटली. त्याच मापात एक्सएल खुणेचा टायर घेतला तर भारांक ९१, म्हणजे ६१५ किलो, मात्र त्याला हवा जास्त लागते. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या मापापेक्षा भारांक खाली जाऊ न देणे, हे रुंदीपेक्षा महत्त्वाचे. उतरलेल्या भिंतीचा दुसरा तोटा खड्डा शिकवतो. १२० मिमीची भिंत जिथे दबून वेळ मारून नेते तिथे १०७ मिमीची भिंत रिम आणि खड्ड्याच्या कडेमधे चिमटली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी टायरच्या बाजूला टेंगूळ आलेले दिसते. रुंद टायरची कोरड्या रस्त्यावरची पकड वाढते, ब्रेक अधिक विश्वासाने लागतात, हे खरे. साचलेल्या पाण्यावर मात्र तो लवकर तरंगतो, स्टेअरिंग जड होते, आणि रिम बाहेर आले की रस्त्यावरच्या प्रत्येक चाकोरीत ते हातातून ओढले जाते. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच.

कायद्याची बाजूही यात येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनाचा नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात या कलमाचा कडक अर्थ लावला. मडगार्डच्या बाहेर आलेली चाके वाहतूक पोलिसाला लांबूनच दिसतात. अपघातानंतर विमा कंपनीच्या माणसालाही. म्हणून बहुसंख्य गाडीवाल्यांसाठी सर्वांत निर्धोक वाट कंपनीनेच दाखवलेली असते: त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला जे रिम, जो ऑफसेट आणि जो टायर दिलेला आहे तोच घ्यायचा. बलेनोच्या मालकाने १९५/५५ आर १६ कडे जाणे म्हणजे कंपनीच्या इंजिनियरांनी आधीच तपासलेल्या मापाकडे जाणे. त्यात मिरवायला कमी मिळते, हे कबूल.

नवी चाके चढली की नट टॉर्क पान्याने, चौकटीत समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासायचे, कारण नव्या अलॉयच्या बैठका थोड्या दबतात. अलाइनमेंट करून घ्यायचे. मागे तिघांना बसवून, ओळखीच्या मोठ्या गतिरोधकावरून एकदा हळू आणि एकदा नेहमीच्या वेगाने जायचे, मग चारही मडगार्डच्या आतून बोट फिरवायचे. महिनाभराने पुन्हा.

उरली स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी १९०४ मध्ये मोटारीसाठी सुटे चाक बनवले. तिकडे तो शब्द मागे पडला, आपल्याकडे अजून रोजच्या वापरात आहे. डिकीतला स्टेपनीचा खड्डा मूळ टायरच्या मापाचा असतो, त्यामुळे सात इंची रिमवरचे नवे चाक त्यात बसेलच असे नाही, आणि बसले तरी वरची फळी उचलली जाते. पाचवे अलॉय न घेता जुन्या मापाची स्टेपनी ठेवायची तर तिचा व्यास चार चाकांच्या व्यासाशी जुळलेला हवा. १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६ यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक, तेव्हा तिथे काही अडत नाही. मात्र जुन्या स्टीलच्या रिमचे नट अलॉयच्या नटांपेक्षा वेगळे असतील तर जुन्यांचा एक संच डिकीत, जॅकच्या पिशवीतच टाकून ठेवावा लागतो.